किलोवर घेतलेलं मिलिंग मशीन आणि त्याच्यावरचा ‘प’

मशीन मी किलोवर घेतलं, हे आधीच सांगून टाकतो. सांगलीवाडीच्या बाजूला एक जुनं वर्कशॉप होतं, मालक वारले, पोरं पुण्याला, आणि २०१९ च्या पुरानंतर त्या शटरला कुणी नीट हातच लावला नव्हता. शेवटी जागा विकायची ठरली तेव्हा आतलं सगळं भंगारात निघालं. ज्या भंगारवाल्याकडनं मी अधूनमधून शाफ्टचे तुकडे, गनमेटलचे बुश वगैरे घेतो त्याचा फोन आला, "मिस्त्री, एक जर्मन मशीन आलंय, बघून जावा, नायतर उद्या फोडणार." फोडणार म्हणजे खरंच घणानं फोडणार, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फौंड्रीला असंच तुकडे करून जातं. मी काय मिस्त्री नाही खरं तर, कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पण मिरजेत घरामागं पत्र्याचं शेड आहे आणि त्यात एक जुना लेथ आहे, तेवढ्यावर तो मला मिस्त्री म्हणतो.

काट्यावर १६८ किलो भरलं. ४२ रुपयांनं ७,०५६ झाले, वरचे छप्पन्न त्यानं सोडले आणि छोटा हत्तीचं भाडं माझ्याकडनं घेतलं, म्हणजे सोडलेले परत आलेच त्याच्याकडं.

अवस्था काय होती ते सांगतो. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरनं अंदाज करा. त्या वर्कशॉपच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि मशीन टेबलावर ठेवलेलं असलं तरी पार बुडालेलं. नुसतं पाणी असतं तर एवढं वाईट नसतं, पण कृष्णेचा गाळ! बारीक, पिठासारखा, आणि वाळला की सिमेंट. टी-स्लॉट पूर्ण भरलेले, स्क्रू भरलेला, हँडलच्या डायलवरच्या रेघांत सुद्धा गाळ. टेबल हलत नाही, त्याच्याखालचं आडवं सरकणारं सॅडल हलत नाही, त्या दोघांना पेलणारा भाग, म्हणजे नी, खालीवर होत नाही. फक्त स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, हातानं फिरत होता, तोही कुरकुरत, आणि त्या एका गोष्टीवर मी सात हजार घातले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे होरिझाँटल मिलिंग, म्हणजे स्पिंडल आडवा, त्यात आर्बर बसतो, आर्बरवर करवतीच्या चाकासारखा कटर, आणि जॉब टेबलासकट त्याच्या खालनं सरकतो. वर आर्बरचं दुसरं टोक धरायला ओव्हरआर्म. टेबल दोन फुटाच्या आसपास, रुंदी पाच इंच. सगळं टेबलावर मावेल एवढं. मोठ्या मिलिंगचं पिल्लू म्हणा. चावीची खाच मारायला, स्लॉट काढायला, छोटा गिअर कापायला असलं मशीन म्हणजे सोनं, आणि आता नवीन असलं कुणी सहसा बनवत नाही, सगळे व्हर्टिकलच्या मागं.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न, हे आहे काय? कारण स्पेअर शोधायचा तर आधी जात कळायला पाहिजे. भंगारवाला म्हणाला जर्मन. शेजारचा एक जण आला तो म्हणाला, नाय नाय, इंग्लंडचं, बीड बघा कसलं आहे. आपल्याकडं जुनं आणि जड काही दिसलं की ते जर्मन तरी असतं नाहीतर विलायती तरी. कॉलमवर एक पितळी पाटी होती, मी मोठ्या आशेनं टूथब्रशनं घासली, तर त्यावर मुंबईच्या एका डीलरचं नाव निघालं. बनवणाऱ्याचं नाही, विकणाऱ्याचं. पण त्या पाटीनं एक गोष्ट दिली. पत्त्यात शेवटी ‘बॉम्बे ३’ असं होतं. पिनकोड नव्हता. पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याच्या आधी शहरातल्या भागांना असे नुसते आकडे असायचे. म्हणजे पाटी बहुतेक बहात्तरच्या आधीची. मोटरच्या पाटीवर ‘४००/४४० व्होल्ट, ५० सायकल्स’ लिहिलेलं, हर्ट्झ नाही. मोटर कुणी नंतर बदललेली असू शकते, पण दोन्ही पाट्या एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

मग आटे. माझ्या मते जुनं मशीन ओळखायचं तर पाट्या नंतर, आधी आटे बघा, पाटी कुणी पण ठोकतं, आटे खोटं बोलत नाहीत. टेबलाच्या स्क्रूचा एक टोकाकडचा भाग उघडा होता, तो साफ केला आणि इंचपट्टी लावली, एका इंचात बरोबर दहा आटे. हँडलच्या डायलवर १०० रेघा. म्हणजे एक फेरा शंभर थाऊ, एक रेघ एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). इंचातलं मशीन, इथंच जर्मनवाला निकालात निघाला, कारण जर्मन असतं तर मेट्रिक असतं. आता इंचातलं म्हणजे अमेरिकन की इंग्लिश? ह्याला सोपी युक्ती आहे, अर्ध्या इंचाचा बोल्ट काढायचा. तीन अष्टमांशवर कळत नाही, व्हिटवर्थ, म्हणजे इंग्लिश आटे, आणि अमेरिकन यूएनसी आटे, दोन्हीला तिथं इंचाला १६ आटेच आहेत. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थला १२ आणि अमेरिकनला १३. मोटर प्लेटचा अर्ध्या इंची बोल्ट कसाबसा निघाला, पिच गेज लावला, १२. व्हिटवर्थ. म्हणजे इंग्लिश घराणं. शेजारचा खूश.

मी मात्र खूश नव्हतो, कारण आपल्याकडं सुद्धा तेव्हा सगळं व्हिटवर्थमध्येच व्हायचं. मेट्रिक मापं सरकारनं आणली ती १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, आणि बाजारात किलो-मीटर आले म्हणून कारखान्यातल्या टॅप-डाय लगेच बदलत नाहीत. आमच्या कंपनीत अजून एका जुन्या प्रेसला व्हिटवर्थ पाने लागतात.

इथवर मी एकटाच होतो. नंतर सासऱ्यांना फोन केला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. किर्लोस्करवाडीत आयुष्यभर फिटर, आता पलूसला असतात, गुडघे दुखतात पण कान-डोळे टकाटक. रविवारी सकाळच्या गाडीनं मिरजेला आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत टिफिन आणि टिफिनच्या खाली फडक्यात गुंडाळलेले तीन स्क्रॅपर, म्हणजे बीड खरवडायची हत्यारं. शेडमध्ये आले, चष्मा लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे काय केलंसा ओ जावईबापू?"

मी काय केलं होतं, तर उत्साहात अँगल ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून नीच्या उभ्या स्लाइडचा वरचा वीतभर भाग चकाचक केला होता. मला वाटलं शाबासकी मिळेल. मामा म्हणाले, "गंज काढलासा ते बरोबर. पण त्यावर स्क्रॅपरची नक्षी हुती ती बी काढलासा. त्या नक्षीत तेल ऱ्हातंय. आता तिथं तेल ऱ्हाणार न्हाय." जिथं माझा ब्रश पोचला नव्हता तिथं टॉर्च तिरकी धरून दाखवलं, गंजाच्या खाली चंद्रकोरीसारखे बारीक ठसे, ओळीनं, हातानं मारलेले. एवढं बघून मला कससंच झालं. त्यानंतर स्लाइडला फक्त डिझेल, कापड आणि ऑइल स्टोन. रॉकेल पाहिजे होतं पण रॉकेल आता मिळतंय कुठं.

खोलणं हा एक वेगळाच अध्याय. तीन आठवडे रोज रात्री डिझेल आणि पातळ तेल मिसळून सगळ्या फटीत सोडायचं आणि झोपायचं. बायको म्हणाली पोरांना एवढ्या नेमानं कधी दूध दिलं नाहीस. चौथ्या रविवारी सॅडल लाकडी ठोकळ्यानं ठोकल्यावर केसभर सरकलं आणि आतनं तपकिरी चिखल आला, तेव्हा मी शेडमध्ये एकटाच ओरडलो.

आणि तिथंच माती खाल्ली. टेबलाच्या डाव्या टोकाला स्क्रूचा बेअरिंग ब्रॅकेट असतो, दोन बोल्ट काढले, ब्रॅकेट येईना. ठोकला. येईना. जरा जोरात ठोकला. टक् असा आवाज आला, बिडाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला माहीत आहे, त्या आवाजानंतर बघायची इच्छा होत नाही. एक कान तुटून हातात आला. मग टॉर्च लावून बघितलं, तर दोन बोल्टच्या मध्ये, रंग आणि पुट्टीच्या खाली गायब झालेली, एक टेपर पिन. मशीन बनवताना ब्रॅकेट एकदा लाइनमध्ये बसवला की तो हलू नये म्हणून अशी पिन मारतात, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं बारीक, आणि ती बारीक बाजूनंच ठोकून काढायची असते. मी ती असताना ब्रॅकेट ओढत होतो. मामांना फोनवर सांगितलं तर पलीकडं थोडा वेळ शांतता आणि मग, "रंग खरवडून बघायचा असतोय आधी." एवढंच. कान निकेल रॉडनं जोडून घेतला, आधी ब्रॅकेट चुलीवर तापवला, वेल्डिंग झाल्यावर राखेत पुरून रात्रभर हळूहळू गार केला, नाहीतर बीड शेजारीच परत तडकतं. जोड दिसतो, पण टिकलाय. आता कुठलंही जुनं मशीन खोलायच्या आधी मी प्रत्येक जोडाच्या आजूबाजूला रंग खरवडतो.

छोट्या पार्टांचा गंज काढायला गुळाचं पाणी वापरलं. हे ऐकून लोक हसतात. मळीच्या पाण्यानं गंज सुटतो हे जुनं आहे, मळीतली द्रव्यं गंजाला धरून पाण्यात ओढतात आणि चांगल्या लोखंडाला फारसं खात नाहीत. पण मळी कारखान्यातनं अशी डब्यात घेऊन येता येत नाही, एक्साईजचं परमिट लागतं. म्हणून मार्केट यार्डातनं दहा किलो काळा, उतरलेला गूळ आणला. दुकानदार विचारतोय, कशाला? म्हणलं गंज काढायला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की हा माणूस हातभट्टी लावणार हे नक्की. एक भाग गूळ, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात हँडलं, बोल्ट, डायल, जिबा (स्लाइडमधल्या पट्ट्या) सगळं बुडवून झाकण. पाचव्या दिवशी फेस आला, आठव्या दिवशी गल्लीत वास, दहाव्या दिवशी मधमाश्या. बाराव्या दिवशी काढलं तर गंज हातानं पुसून जात होता, खाली काळपट करडं लोखंड, डायलवरचे आकडे अगदी स्वच्छ. फक्त बाहेर काढलं की लगेच धुवून, वाळवून तेल लावायचं, पंधरा मिनिटं गप्पा मारत बसलात तर परत केशरी. आणि ॲल्युमिनियमचं काही चुकूनही त्यात टाकू नका, त्याला खातं.

स्पिंडलकडं येऊ. आतला टेपर, म्हणजे आर्बर बसतो ते निमुळतं भोक, कुठला? इंचातलं छोटं मशीन, म्हणजे मोर्स (टेपरचं एक ठरलेलं माप) असणार असा अंदाज, तोंडाशी व्हर्नियर लावला तर १७.८ एमएमच्या आसपास, टू मोर्सचं माप १७.७८. तरी नुसत्या तोंडाच्या मापावर विश्वास ठेवू नये, उतारही जुळला पाहिजे. ड्रिलचं टू मोर्सचं एक चांगलं स्लीव्ह घेतलं, त्यावर लांबीच्या दिशेनं मार्किंगच्या निळ्या रंगाची बारीक रेघ ओढली, आत घालून पाव फेरा फिरवून काढलं, रेघ वरपासून खालपर्यंत सारखी पुसली गेली. टू मोर्स पक्का. मागनं ओढून धरायचा ड्रॉबार मात्र नव्हता, तो तीन अष्टमांशचे आटे पाडून लेथवर केला. तो लागतोच, मिलिंगच्या हादऱ्यानं नुसता टेपर सैल होऊन जॉबवर येतो.

पुढचं बेअरिंग टेपर रोलर निघालं, गाळानं पार संपलेलं, पण नंबर वाचता आला, एलएम ६७०४८. बोअर सव्वा इंच. मी मिरजेत बेअरिंगच्या दुकानात नंबर दिला, पोरानं लगेच आणून ठेवलं, म्हणाला ट्रेलरच्या हबला जातं हे. घरी येऊन मामांना सांगितलं तर ते जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मशीन बनवणारानं गाडीचं बेअरिंग घातलंय म्हंजे त्यो कोन हाय ते मला कळाय लागलंय." म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, मोठी कंपनी स्पिंडलला खास बेअरिंग मागवते, छोटा कारखानदार बाजारात मिळतं ते घेतो आणि कास्टिंग त्या मापाचं करतो. पण नंतर कुणी बदललेलं असेल तर? "बोअर बघा की. बुश न्हाय, स्लीव्ह न्हाय. पयल्यापासनंच ह्या मापाचा हाय."

आता तो ‘प’. जिब म्हणजे डव्हटेलमध्ये (तिरक्या कडांच्या स्लाइडमध्ये) प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायला घालतात ती पट्टी, पाचरीसारखी, ती गुळातनं निघाल्यावर तिच्या मागच्या बाजूला छिन्नीनं कोरलेलं एक अक्षर दिसलं. प. साधा, वर शिरोरेघ नसलेला प. मग सॅडलच्या बुडाला बघितलं, तिथंही प. नीवर प. टेबलाखाली प. मला वाटलं मालकाचं नाव, पाटील नाहीतर पवार. मामा म्हणाले मालक नाव टाकतोय ते बाहेरनं, दिसंल असं टाकतोय, जिबच्या मागं कशाला टाकंल? मग ते कॉलमवर शोधायला लागले. मी म्हणलं कॉलमवर काय नाही, मी बघितलंय. ते पुट्टी खरवडत बसले. तीन रंग निघाले, वर करडा, त्याच्याखाली हिरवा, त्याच्याखाली परत करडा आणि मग पिवळट पुट्टीचा जाड थर, आणि पुट्टीच्याही खाली, थेट बिडावर, प. पुट्टी कारखान्यातली, म्हणजे खूण पुट्टीच्या आधीची, म्हणजे मशीन बनलं तेव्हाची. आमचा पाटील-पवार बाद.

हा ‘प’ मोबाईलमध्ये फोटो काढून घेऊन मी दोन आठवडे फिरत होतो. कुणी म्हणालं प्रागा. मला पण दोन दिवस तसंच वाटलं, हैदराबाद-सिकंदराबादला प्रागा टूल्स होतीच, पण एवढी मोठी कंपनी छिन्नीनं मराठीत प कशाला कोरेल? शेवटी उलगडा झाला तो गणपती पेठेत, एका हार्डवेअरच्या दुकानात, मी ॲलन स्क्रू घ्यायला गेलो होतो. म्हातारे गुजराती शेठ गल्ल्यावर बसलेले, पोरगा स्क्रू मोजत होता, मी सहज मोबाईल पुढं केला, शेठ, हे काय असेल हो? शेठनी चष्मा वर केला, एक सेकंद बघितलं आणि म्हणाले, "पांचडो छे. पाच."

गुजरातीत पाचाचा आकडा आपल्या शिरोरेघ नसलेल्या प सारखाच लिहितात.

मी तिथूनच मामांना फोन लावला. ते म्हणाले, बरोबर, म्हणजे लॉट. दहा मशीनं एकदम बांधायला घेतली की प्रत्येकाची सॅडल, जिब, नी, टेबल हातानं स्क्रॅप करून एकमेकाला बसवायचं आणि त्या सेटवर एकच नंबर टाकायचा, म्हणजे पाचव्याची जिब सहाव्याला जायची नाही. पाचव्या मशीनचा फिटर गुजराती हिशेबात आकडे टाकणारा होता, एवढं नक्की. राजकोटकडं मशीन टूलचे छोटे कारखाने भरपूर, मुंबईत पण गुजराती कारखानदार होतेच, त्यामुळं गाव मी छातीठोक सांगणार नाही. पण डिझाईन इंग्लिश, आटे व्हिटवर्थ, बेअरिंग गाडीचं, विकणारा मुंबईचा, बसवणारा गुजराती, काळ बहुतेक साठचं दशक. कुणाची तरी बघून केलेली कॉपी. जर्मनवाल्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

खरं सांगू, मला हे जर्मन निघालं असतं त्यापेक्षा जास्त आवडलं. जर्मन निघालं असतं तर मी ऑनलाइन मॅन्युअल शोधत बसलो असतो. इथं मॅन्युअल नाही, पण कुणीतरी बसून इंचाइंचानं खरवडलेलं आहे आणि ते बघून करता येतं.

मग स्क्रॅपिंग. नीच्या आडव्या स्लाइडवर सॅडल मध्ये सैल आणि दोन्ही टोकांना टाइट, म्हणजे मधला भाग सहा-सात थाऊ झिजलेला, जिथं रोजचं काम व्हायचं तिथंच. मी म्हणलं ग्राइंडिंगला देऊ. मामांनी विचारलं, ग्राइंडिंगवाला डव्हटेल कशाला धरून घासणार? एक बाजू घासली की दुसरीशी चौकोन बिघडतो, स्क्रूची उंची बदलते, सगळं परत जुळवायचं. पटलं. माझ्याकडं एक फूट बाय एक फूटची बिडाची सरफेस प्लेट, म्हणजे एकदम सपाट पाटा, आहे, सॅडल तिच्यावर मावतं, म्हणून आधी सॅडलचं बूड प्लेटवर खरं करायचं आणि मग त्याच्यावरनं नी. मामांनी निळ्याला हातच लावला नाही, त्यांच्या पिशवीत शेंदराची जुनी डबी. शेंदूर तेलात कालवून बोटानं प्लेटवर पातळ फासायचा, सॅडल ठेवून जरा सरकवायचं, उचलायचं, जिथं लाल लागलं तो उंचवटा, तिथं स्क्रॅपर. परत. परत. पहिल्यांदा तीन ठिकाणी लाल होतं. संध्याकाळपर्यंत इंचाच्या चौकोनात चार-पाच ठिपके. मामा म्हणाले किर्लोस्करवाडीत दहा-बारा आल्याशिवाय चार्जहँड (वरचा मिस्त्री) हात लावू द्यायचा नाही. आम्ही चार रविवार घालून आठ-नऊवर आलो आणि थांबलो, त्यांच्या गुडघ्यासाठी आणि माझ्या मनगटासाठी. शेंदराचे हात साबणानं दोनदा धुवायचे, जेवायच्या आधी तर नक्कीच, खऱ्या शेंदरात शिसं असतं. पोरगा विचारतोय आजोबा मशीनला देव केलं का.

त्यांचा हात बघण्यासारखा होता. स्क्रॅपरची मूठ कमरेपाशी टेकवलेली, ढकलायचं हातानं नाही तर अंगानं, आणि प्रत्येक वाराच्या शेवटी टोक किंचित उचलायचं म्हणजे काठावर बर (टोचणारा कंगोरा) राहत नाही. मी केलं की करकर आवाज यायचा आणि चरे पडायचे, त्यांचा आवाज कागद फाडल्यासारखा.

टेबलाच्या नटमध्ये चाळीस थाऊ प्ले होता. गनमेटलचा नट, त्याला आडवी खाच मारली आणि एक स्क्रू घालून दोन भाग एकमेकापासनं ढकलले, म्हणजे प्ले कमी होतो. पूर्ण घालवायचा मोह आवरला, कारण स्क्रू मध्ये झिजलेला आणि टोकांना नवा, मध्ये टाइट केलं की टोकांना जाम. बारा थाऊवर ठेवला.

मोटरचं थोडक्यात. अर्धा एचपी, थ्री फेज, वाइंडिंग गाळानं जळालेली. माझ्याकडं शेडमध्ये सिंगल फेज, म्हणून छोटा व्हीएफडी (सिंगल फेजवरनं थ्री फेज करणारा ड्राइव्ह) लावायचा, पण तो २३० चाच थ्री फेज देतो आणि मोटर ४१५ ला स्टारमध्ये. डेल्टा केली की २४० ला चालते, फक्त जुन्या मोटरमध्ये स्टारचा जोड आतच बांधलेला असतो, बाहेर तीनच वायरी. रिवाइंडिंगवाल्याला कागदावर काढून दिलं की सहा वायरी बाहेर काढ. महिन्यानं मोटर मिळाली, वायरी तीन. परत दिली. परत मिळाली, वायरी सहा पण बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवलेलं, गरगर आवाज. ते मी स्वतःच बदललं, तिसऱ्यांदा जायची ताकद नव्हती. ड्राइव्ह आणि रिवाइंडिंग मिळून मशीनच्या दीडपट पैसे गेले.

पहिलं काम आलं ते शेजारच्या गल्लीतनं, कडबा कुट्टीच्या मशीनचा नवा शाफ्ट, २५ एमएम, त्यावर आठ एमएमची चावी, खाच चार एमएम खोल. आठ एमएम जाडीचा ७५ एमएमचा हायस्पीड स्टीलचा कटर जुन्या बाजारातनं घेतलेला. एवढ्या व्यासाच्या कटरला माइल्ड स्टीलवर शंभर-सव्वाशे आरपीएम पुरे, सगळ्यात हळू पुलीवर बेल्ट टाकला. आता मशीन थाऊत आणि शाफ्ट एमएममध्ये, चार एमएम म्हणजे १५७ थाऊ आणि वर अर्धा, म्हणजे नीच्या हँडलचा एक पूर्ण फेरा, मग ५७ रेघा, मग अर्धी. भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं.

आणि पहिल्याच कटला मी टेबल चुकीच्या बाजूनं सरकवलं. कटर ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं जॉब नेला, तर कटर जॉबला ओढून घेतो, आणि नटमध्ये बारा थाऊ प्ले आहे तेवढं टेबल एकदम उडी मारतं. मारली. कटरचे तीन दात गेले, शाफ्टवर एक खड्डा. मामा स्टुलावर बसून शेंगा खात होते. म्हणाले, "प्ले ठेवलाय ते इसरलासा." दुसरा कटर लावला, दुसरा शाफ्ट, उलट्या बाजूनं फीड दिला, दोन-अडीच एमएमचा एक कट आणि मग उरलेलं. आवाज कापडाच्या टाक्यासारखा, एकसारखा. खाच काढून चावी बसवली, बोटानं दाबली की जाते आणि सोडली की पडत नाही. मामांनी शाफ्ट उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, खिशातनं स्वतःची जुनी इंची व्हर्नियर काढली, मापली, आणि चहा मागितला.

रंग डार्क ग्रे दिलाय, साधा इनॅमल, पुट्टी खाली परत भरली, फक्त कॉलमवरच्या त्या पाचाभोवती बोटभर जागा सोडली. डीलरची पाटी परत लावली. ओव्हरआर्मचा बुश अजून जुनाच आहे, तो करायचाय. नीच्या खालनं तेल गळतं, कुठनं ते दोन महिने झाले सापडत नाही, सध्या खाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय आणि रविवारी तो भरला की तेच तेल गाळून परत वर ओततोय.